पोळ्याला दुसरी निघणारी जोडी

तीस वर्षं मी गेवराईतून एका छोट्या दैनिकाला बातम्या दिल्या. या तीस वर्षांत माझ्या मायनं त्यातली एकही बातमी शेवटपर्यंत ऐकून घेतली नाही. मी अंक उघडून वाचायला लागलो की ती मध्येच थांबवायची. "वाळूचा टिप्पर पलटी झाला. बरं. पुढं?" पुढं काही नसायचं. हायवेवर अपघात, तहसीलसमोर उपोषण, कुणाचा तरी वाढदिवस, पुन्हा टिप्पर. "मग ह्यात खबर काय हाय?" असं म्हणून ती शेंगा फोडायला बसायची. मला राग यायचा. राग मला पटकन येतो, आणि तो मला तिच्याकडूनच आलाय, त्यामुळं आमच्या घरात भांडण कधी शिळं होत नाही.

एकदा चिडून मी विचारलं, "तुला कसली खबर पाहिजे ते तरी सांग."

"मी थोरली का ती थोरली? तेवढी काढून दे. बाकी तुझे पेपर रद्दीत घाल."

ती म्हणजे पाटलाची लेक. मी तिला मावशी म्हणतो. तलवाड्याच्या अलीकडं आमचं गाव. पाटलाचं घर वेशीजवळ, आमची बौद्धवस्ती ओढ्याच्या पलीकडं. पाटलाला एकुलती एक लेक, म्हणून जावई घरी आणला आणि लेक गावातच राहिली. माझ्या मायला मामाच्या घरात दिलेलं, मामाचं घर चार दारं सोडून, म्हणून तीही गावातच राहिली. दोघी एकाच पावसाळ्यातल्या, निजामी संपायच्या आसपासच्या. मावशी पोळ्याच्या दिवशी जन्मली हे गावाला पक्कं ठाऊक होतं. माय "पोळ्याच्या टायमाला" झाली, एवढंच. आधी का नंतर, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. माझ्या आजीला त्या बाळंतपणात ताप चढलेला, तिला दिवस आणि रात्र सारखीच होती. आजोबा तेव्हा कामासाठी बाहेरगावी, आणि पणजी मायला कळायच्या आतच गेली.

तुम्ही म्हणाल, चार दिवस इकडं का तिकडं, त्यात एवढं काय. पण प्रश्न 'अक्का' या शब्दाचा होता.

माय चार-पाच वर्षांची असताना आजीचं बोट धरून पाटलाच्या घरी दाणे पाखडायला जायची. अंगणापर्यंतच, उंबऱ्याच्या आत नाही. तिथं पाटलीणबाईनं तिला सांगितलं, "हिला अक्का म्हनायचं." समोर तिच्याच उंचीची, नाक गळणारी पोर. पण माय म्हणायची अक्का. पुढं छप्पन्न साल आलं. वस्तीनं धम्म घेतला, घरातले देव गंगेत सोडले (आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात) आणि गावकीची कामं सोडली. तेव्हा मायनं आपल्या बापाला विचारलं, "दादा, आता मी तिला अक्का म्हनू का नको?"

माझे आजोबा हुशार माणूस. ते म्हणाले, "वयानं मोठी असंल तर म्हन. पाटलाची हाय म्हनून म्हनू नको."

झालं. माय त्या दिवसापासून थांबली ती थांबलीच. ठरल्याशिवाय म्हणायचं नाही. आणि मावशीचा हट्ट, म्हणायलाच पाहिजे. बरं, दोघींचं वाकडंही नव्हतं. एकीच्या घरात दुखलंखुपलं तर दुसरी ओढ्यापर्यंत येऊन चौकशी करणार. पण हाक मारायची पंचाईत. 'अगं' म्हटलं की समोरची धाकटी ठरते, 'अवं' म्हटलं की थोरली. म्हणून जवळजवळ सत्तर वर्षं दोघी "ऐकलं का" एवढ्यावर बोलल्या. दुरून बोलवायचं असलं तर माय टाळी वाजवायची.

अलीकडं त्यांची भेट महिन्यातून एकदा, आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर, बीपीच्या गोळ्या घ्यायला. मी मायला गाडीवरून घेऊन जायचो. एका मंगळवारी मावशीनं पिशवीतून आधार कार्ड काढलं आणि मायच्या पुढ्यात धरलं.

"बग. दोन वर्सांनी थोरली हाय मी."

मायनं कार्ड लांब धरून बघितलं. वाचता येत नाही, पण आकडे कळतात. "एक जानेवारी हाय. माझ्या बी कार्डावर एक जानेवारी हाय. आर्ध्या गावाच्या हाय. कॅम्पातल्या पोरानं तोंडाकडं बगून साल टाकलं. तू थोरली न्हाई, म्हातारी दिसलीस."

नर्सबाईनं हसू दाबत दोघींचं बीपी मोजलं. दोघींचं वाढलेलं.

गुडघ्यांनी जवाब दिल्यावर मी गेवराईचं बिऱ्हाड मोडून गावी आलो. पेपर सुटला तरी खाज सुटत नाही. गावाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर मी दर रविवारी गावाची एक जुनी आठवण टाकायला लागलो. पहिली एसटी कुठं थांबली, पहिला रेडिओ कुणाच्या घरी आला, असलं. आणि गंमत बघा, तीस वर्षांत माझ्या बातमीवर कुणी 'वाचली' म्हणून सांगितलं नव्हतं, आणि इथं पुण्याहून, परळीच्या थर्मलवरून, उसाच्या फडातून लोक रात्रंदिवस लिहायला लागले. माय विचारायची, "आज काय टाकलंस?" माझी छाती फुगायची.

पोळा दहा-बारा दिवसांवर आला होता. त्या रविवारी मी एक सवाल टाकला: आपल्या गावात पोळ्याला पाटलाची जोडी दुसरी का निघते?

सवाल सरळ होता. सगळीकडं पाटलाचा बैल मानाचा, तो पुढं, मग बाकीच्यांचे. आमच्या गावात पुढं निघते खालच्या आळीतल्या एका शेतकऱ्याची जोडी, आणि तिच्या मागं पाटलाची. आता त्या शेतकऱ्याच्या घरी बैलच उरले नाहीत. तरी दरवर्षी त्यांचा ट्रॅक्टर धुऊनपुसून, फुगे लावून पुढं निघतो आणि पाटलाचे बैल रंगवलेली शिंगं घेऊन त्या ट्रॅक्टरचा धूर खात मागून जातात. बाहेरगावचे पाहुणे हसतात. आम्हाला सवय झालेली, कावून म्हणून कुणी कधी विचारलंच नाही.

ग्रुपवर एकेकाचं डोकं चाललं. कुणी म्हणालं नवस होता, कुणी म्हणालं पाटील पैज हरला. थर्मलवरच्या एकानं निजामाच्या महसूल पद्धतीवर तीन परिच्छेद लिहिले, त्याचा पोळ्याशी काही संबंध नव्हता. शेवटी मी म्हटलं, घोडा मैदान जवळच आहे, मावशीलाच विचारावं.

मावशी ओसरीवर गहू निवडत होती. सवाल ऐकला आणि तिचा हात थांबला. "नवस होता," ती म्हणाली. कसला नवस, विचारलं. "चहा आनते," म्हणून आत गेली ती बाहेर आलीच नाही. सुनेनं चहा आणून दिला. ही बाई बोलायला लागली की तिला थांबवावं लागतं. ती गप्प झाली म्हणजे इथं काहीतरी आहे, एवढं मला तीस वर्षांत कळलं होतं.

बुधवारी तलवाड्याहून एका बाईचा फोन आला. ती तिथं आशा वर्कर आहे, माझा सवाल फिरत फिरत तिच्या मोबाइलवर गेला होता. तिची आजेसासू सुईण होती. "दादा, तुमच्या गावच्या पोळ्याची गोष्ट आमच्या घरात अजून सांगतेत," ती म्हणाली. "फोनवर न्हाई, घरी या."

मी गेलो. तिनं चहा दिला आणि भिंतीला टेकून बसत सुरुवात केली. "पोळ्याच्या दिवशी आमच्या आजेसासूला न्यायला तुमच्या पाटलाची बैलगाडी आलती. बैलाची शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळा. आन मानंवर जू."

मी कप खाली ठेवला. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही, पण कुणी शहरातलं वाचत असेल म्हणून सांगतो. वर्षातला तो एकच दिवस असा, की बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही. आदल्या दिवशी त्याच्या खांद्याला हळद-तूप चोळून त्याला जेवायचं आवतण द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याला जुपायचं, हे कुणी मनातसुद्धा आणणार नाही. आणि इथं तर गावचा पाटील, सजवलेली मानाची जोडी जुपून, स्वतः गाडी हाकत, भर दिवसा तलवाड्यात आलेला. लोक पुरणपोळीचं ताट सोडून दारात येऊन बघत होते म्हणे.

"पाटलीणबाई लई अडलती," ती म्हणाली. "घोडं कुळकर्ण्यानं नेलतं. दुसरं काय जुपनार?"

"पण तलवाड्याला कशाला?" मी विचारलं. "गावात सुईण होती."

होती म्हणजे काय, माझी पणजीच होती. मायच्या बापाची आई.

"ती येईना म्हनून तर," बाई हसली. "पाटलानं तीनदा मानूस धाडला. तिनं दारातूनच सांगितलं, माझी सून अडलीय. आदी माझ्या घरचं, मग तुमच्या घरचं."

 निजामी, पाटील, ओढ्यापलीकडची झोपडी, आणि दारात उभी राहून पाटलाच्या माणसाला तीनदा परत पाठवणारी एक बाई. हे आमच्याच घरात घडलं आणि आम्हालाच माहीत नव्हतं.

ती सांगत राहिली. पाटील सुईणीला घेऊन गावात पोचला तेव्हा उन्हं कलली होती. सुईण गाडीतून उतरली तर पाटलाच्या परसात एक बाई रांजणाशी हात धूत होती. माझी पणजी. आपल्या सुनेला मोकळं करून ती कुणी न बोलावता, आपल्या पायांनी पाटलाच्या घरी आली होती आणि तिथलंही बाळंतपण उरकलं होतं. तलवाड्याच्या सुईणीला ती म्हणाली, "दोनी बी पोरीच. माझ्या घरची दुपारी झाली, ही आत्ता झाली. आलीस तशी जेवून जा."

पाटलानं तरी तलवाड्याच्या सुईणीला लुगडं नेसवून पाठवलं, पाटलीणबाईसाठी आणलेलं नवं कोरं. काम काहीच नाही आणि लुगडं मिळालं. अजून त्यांच्या घरात काही न करता कुणाला काही मिळालं की म्हणतात, "घ्या, हिला बी पोळ्याचं लुगडं मिळालं."

आणि मिरवणूक? ती पाटलासाठी किती वेळ थांबणार. खालच्या आळीची जोडी तयार होती, ती पुढं निघाली. पाटील आला तो गाडी सोडून, बैलांच्या मानेवरचं जू स्वतः उतरवून, मागं जाऊन उभा राहिला. लोक म्हणाले, पाटील, पुढं या. तो म्हणाला, "मी पोळ्याला बैल जुपलाय. आता मान माझा न्हाई." तेव्हापासून ती जोडी दुसरी. पाटलासमोर गावात हा विषय कुणी काढला नाही, आणि बघितलेली माणसं एकेक करून गेली.

"लुगडं कसलं होतं, माहीत आहे का?" उठता उठता मी विचारलं. वार्ताहराची सवय.

"हिरवं इरकल. आजेसासूनं मरस्तवर ठेवलतं."

परत येताना मी गाडी बांधाला लावली आणि बाभळीखाली बसून रडलो. दुःखाचं रडणं नव्हतं ते. माझ्या उरात ते मावत नव्हतं.

घरी मायला काही बोललो नाही, म्हणजे जीभ चावून बसलो. एकाच माणसाच्या तोंडची गोष्ट बातमी होत नाही. पुढच्या मंगळवारी गोळ्यांचा दिवस होता, आणि शुक्रवारी पोळा. उपकेंद्राच्या ओट्यावर दोघी बसल्या तेव्हा मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. मायनं पहिल्यांदाच मला मध्ये थांबवलं नाही.

मावशी जमिनीकडं बघत होती. तिनं एकच विचारलं. "लुगडं कोन्त्या रंगाचं?"

"हिरवं. इरकल."

तिनं पदर तोंडाला लावला. "माय माझी मरस्तवर म्हनायची, माझं हिरवं इरकल तलवाड्याला गेलं. आमी म्हनायचो, चोरीला गेलं आसंल." मग म्हणाली, "मला आत्या बोलायची, हिच्या पायगुनानं घरचा मान गेला. दर पोळ्याला बोलायची. म्हनून मी नवस सांगत आले. मला काय ठावं, दादानं माज्यापायी बैल जुपलते."

ती उठली आणि गोळ्या न घेताच काठी टेकत निघाली. नर्सबाई हाक मारत राहिली.

घरी येताना ओढ्यावर मायनं गाडी थांबवायला लावली. मागं बसूनच म्हणाली, "रडली ती."

"हो."

"दुपारी झाले मी. आन ती उन्हं कलल्यावर." हे तिनं दोनदा म्हटलं. मग, "आता मला अक्का म्हनंल का?"

"जाऊ दे ना माय. कळलं तेवढं बास झालं."

"कावून जाऊ दे? सत्तर वर्सं थांबले मी. चाल, गाडी काढ."

मावशीला न विचारता हे ग्रुपवर टाकायचं माझ्या जिवावर आलं. संध्याकाळी मी तिच्याकडं गेलो. ती म्हणाली, "टाक. बैल जुपलेलं बी टाक, आन तुझी पनजी काय म्हनली ते बी टाक. जसंच्या तसं टाक." मी टाकलं. दोन दिवस माझा मोबाइल खाली ठेवता आला नाही. वस्तीतल्या पोरींनी पणजीचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहून आपापल्या स्टेटसला ठेवलं: आधी माझ्या घरचं. उसाच्या फडातून एकीनं विचारलं, या आजीचा फोटो आहे का. फोटो कुठला असायला. पण सगळ्यांना ती दिसत होती, मलाही दिसत होती.

पोळ्याच्या दिवशी वेशीत गर्दी झाली. पुण्याची दोन पोरं खास रजा काढून आली होती. खालच्या आळीचा शेतकरी ट्रॅक्टर बाजूला घेऊन म्हणाला, "आता पाटलाची जोडी पुढं निघू द्या. आमचा काय हक्क न्हाई." सगळ्यांनी मान डोलावली. मावशी काठी घेऊन पुढं आली.

"न्हाई," ती म्हणाली. "दुसरीच निघंल. आता मला कळलंय कावून."

असा पोळा मी कधी बघितला नव्हता. फुगे लावलेला ट्रॅक्टर पुढं, आणि मागून पाटलाचे बैल, आणि लोक धूर खात त्या दुसऱ्या जोडीच्या बाजूनं चाललेले. त्यांच्या शिंगांना हात लावायला बाया पुढं होत होत्या. मावशी बैलांच्या बरोबरीनं मारुतीच्या पारापर्यंत ताठ चालली.

माय काही मिरवणुकीला आली नव्हती, ती येतही नाही. मी घरी येऊन तिला सांगत होतो, तेवढ्यात दारात काठीचा आवाज झाला. ओढा ओलांडून मावशी आली होती, एकटीच. साऱ्या जन्मात ही बाई आमच्या घराच्या आत आलेली मी बघितली नव्हती. उंबऱ्याशी उभी राहून तिनं श्वास घेतला.

"अक्का, घरात हायस का?"

माय खाटेवर बसली होती, समोरच. दोघींमध्ये दहा पावलंही नव्हती.

"काय म्हनलीस? मला आयकू येईना."

माझ्या मायचे कान असे आहेत, की तिसऱ्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या ती मोजते. मी तोंड फिरवून घेतलं.

"अक्का म्हनलं."

"जरा मोठ्यानं म्हन."

"अक्का म्हनलं, बहिरे." आता शेजारच्या दारांतून माणसं बाहेर आली होती. "अक्का. अक्का. झालं का समाधान?"

मायनं मान हलवली. समाधान झालं होतं. ती खाटेवरून उतरली, पदर सारखा केला, दारापर्यंत गेली आणि मावशीला तिच्या नावानं हाक मारली. नुसतं नाव, मागं-पुढं काही नाही, धाकट्या बहिणीला मारतात तशी. "आत ये," ती म्हणाली.

मावशी जागची हलेना. मला आधी वाटलं, तिला राग आला. मग ध्यानात आलं. गावात कुणी तिला बाई म्हणतं, कुणी मालकीण, कुणी मावशी, कुणी आजी. आई-बाप जाऊन चाळीस वर्षं झाली, आत्या गेली, नवराही गेला, मोठं कुणीच उरलं नाही. तिला नावानं हाक मारायचा अधिकार असलेलं माणूस या जगात शिल्लक नव्हतं, आणि आता एक निघालं होतं. तिचे डोळे भरून आले होते.

"आनिक एकदा म्हन," मावशी म्हणाली.

मायनं पुन्हा तिचं नाव घेतलं, तिचा हात धरून तिला उंबऱ्याच्या आत आणलं, आणि चहाला आधण ठेवायला गेली.